रूम टूमधली बेसिल

"किट रूम टूमध्ये बसव, ऍश," ग्लेन म्हणाला, आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. रूम टू प्रसादची होती.

शहराच्या पश्चिम कडेला, ट्रुगानिनातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ग्लेनची इनडोअर शेती होती. दोन बंद खोल्या, रॅकवर ट्रे, वर एलईडी आणि सगळीकडे बेसिल. रेस्टॉरंटवाले पास्त्यावर घालतात ती, आपल्या तुळशीची चुलत बहीण. रूम वन माझी. बियाणं, खत, लाइट दोन्हीकडे सारखं. तरी प्रसादची बेसिल तरारलेली आणि माझी मरगळलेली. आम्ही दोघं इथल्या एकाच युनिव्हर्सिटीतून मास्टर्स केलेले, दोघांचे व्हिसा संपत आलेले. नव्या व्हिसासाठी ग्लेन स्पॉन्सर एकालाच करणार होता. ज्याची रूम चांगली, त्याचं नाव, हे त्याने आधीच सांगून टाकलं होतं. दुसऱ्याने आपलं बघायचं.

बरं, प्रसादचा राग यावा असं त्याने काही केलंही नव्हतं. तोच तर त्रास. मी रोज मरमर करून पाण्याचा पीएच तपासायचे, आणि हा गडी शिट्टी वाजवत ट्रे फिरवायचा. वर म्हणायचा, "हातगुण असतो गं एकेकाचा." माझा नुसता जळफळाट व्हायचा.

आणि आता घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं. त्याच्याच रूमला आणखी ताकद द्यायची, तीही मी. कारण वायरिंग मला येत होतं.

काम तसं सोपं असतं. झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन वाढतात. बंद खोलीत तो लवकर संपतो, मग लाइट कितीही लावा, वाढ अडते. म्हणून बाहेर सिलिंडर ठेवायचा, पाइप आत न्यायचा आणि पानांच्या उंचीवर सेन्सर टांगायचा. पातळी उतरली की व्हॉल्व्ह आपोआप उघडतो. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून धोक्याचा अलार्म जमिनीलगत लावायचा. फार झाला तर माणूस गुदमरतो.

सगळं बसवलं. गॅस लगेच सोडत नाहीत. आधी दिवसभर नुसतं रीडिंग घेतात.

बाहेरच्या हवेत हा गॅस साधारण चारशे पीपीएम, म्हणजे दहा लाखांत चारशे भाग असतो. सकाळी रूम टूत तेवढाच होता. दुपारी मी ऑफिसच्या स्क्रीनवर बघते तर सोळाशे. सिलिंडर बंद. म्हटलं, सेन्सर गंडला. दुसरा स्पेअर सेन्सर ऑन केला, बाहेर धरला. बरोब्बर चारशे. तो हातात घेऊन तणतणत रूम टूचं दार उघडलं.

आत पंगत बसली होती. आमची सगळी कॅज्युअल पोरं, म्हणजे तासावर काम करणारे स्टुडंट. त्या वर्षांत शहराच्या वेस्टमधल्या घराघरांत स्टुडंट भरलेले असायचे, आणि त्यांतले सहा-सात आमच्याकडे शिफ्टला यायचे. उलट्या क्रेटवर बसून डबे खात होते. प्रसाद मधोमध, ठेच्याची बाटली फिरवत.

"लंचरूमचा हीटर बंद आहे गं," तो म्हणाला. "इथे ऊब असते. गेला महिनाभर इथेच बसतो आम्ही. ये ना, धपाटे आहेत."

"माझ्या रूममध्ये का नाही बसत?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांतली हरप्रीत हळूच म्हणाली, "दीदी, आप डाँटती हो ना."

हातातला सेन्सर तोवर अठराशेवर गेला होता. माणूस श्वासातून कार्बन डायऑक्साइडच सोडतो. बंद खोलीत सात-आठ जण रोज तासभर जेवणार, हसणार, गाणी म्हणणार. बेसिलची चंगळ. मी तोच सेन्सर घेऊन माझ्या रूममध्ये गेले. चकाचक, दार घट्ट बंद, चिटपाखरू नाही. दोनशे ऐंशी. माझी झाडं उपाशी होती.

ग्लेनला सांगावं लागणारच होतं. गॅस सुरू झाल्यावर आत कोणी बसणं धोक्याचं, आणि खाण्याच्या पिकाजवळ डबे उघडणं नियमाबाहेरचं. पण खरं सांगते, सांगताना मला फार बरं वाटलं. हातगुण म्हणे.

ग्लेन हसून लाल झाला. "सो ही वॉज जस्ट ब्रीदिंग ऑन देम?" त्याच आठवड्यात त्याने दुसरं किट माझ्या रूमला आणलं, जेवण बंद केलं आणि लंचरूमचा हीटर दुरुस्त करून घेतला. पुढच्या कापणीला दोन्ही रूमची बेसिल सारखीच भरली. नाव माझं लागलं. "यू फाउंड इट," तो म्हणाला.

मला वाटलं, प्रसाद आता तोंड फिरवेल. तो म्हणाला, "चल, तुझं तरी झालं." दूर दुसऱ्या राज्यात, वॉलॉंगॉंगजवळच्या एका नर्सरीने त्याला घेतलं. शेवटच्या दिवशी कॅज्युअल पोरांनी त्याच्यासाठी घरून जेवण करून आणलं. राजमा, बिर्याणी, कोणी शिरा. त्यानेच मला हाक मारली, ताट वाढून दिलं. पोरं त्याच्याभोवती दाटीने उभी. हरप्रीत रडत होती. मी एका कडेला बसून शिरा खाल्ला. स्पॉन्सरशिप माझ्याकडे होती, आणि हेवा अजून मलाच वाटत होता.

आता मी हीच किटं बसवत फिरते. नव्या क्लायंटकडे गेले की खोलीचं माप नंतर घेते. आधी विचारते, "इथे जेवायला कोण बसतं?" "कोणीच नाही" म्हणाले, तर सिलिंडर मोठा लावते.