युसुफचाचांची रात्र

सरांनी पेन उचललं होतं. टेबलापलीकडे मलकपेठचे दर्जी युसुफचाचा बसले होते आणि मी त्यांच्या बीपीचा ग्राफ हातात धरून उभी होते. सर त्यांना रात्री घ्यायची आणखी एक बीपीची गोळी लिहून देणार होते.

तेव्हा मी एम.एस्सी. करता करता एका हॉस्पिटलमध्ये सरांच्या संशोधनाच्या प्रोजेक्टवर टेक्निशियन होते. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. त्यामुळे सरांसमोर तोंड उघडायला मला वेळ लागायचा.

परदेशी मशिनं नुकतीच सहज मिळू लागली होती. त्यातलं एक आमच्याकडे होतं. दंडाला पट्टा, कमरेला डबी. पेशंट घरी जाऊन आपली कामं करायचा आणि मशीन दिवसरात्र थोड्या थोड्या वेळानं बीपी मोजायचं. झोपेत बीपी उतरायला हवं. काहींचं उतरत नाही, त्यांना धोका जास्त. अशा लोकांच्या रक्तात होमोसिस्टीन जास्त असतं का, हे सर शोधत होते. खाल्लेल्या प्रथिनांपासून शरीरात तयार होणारा हा पदार्थ. फार साठला तर रक्तवाहिन्यांना बरा नाही, असं मानतात. रक्त काढलं की ट्यूब लगेच बर्फात ठेवायची, नाहीतर आकडा उगाच फुगतो.

चाचांचं होमोसिस्टीन वाढलेलं होतं. रात्रीचं बीपीही उतरलेलं नव्हतं. सर खूश होते. कॉन्फरन्समध्ये दाखवायला त्यांना अशीच केस हवी होती.

माझी नजर ग्राफवर अडकली होती. रेघ रात्रभर वर होती आणि सकाळी, लोक कामाला लागतात तेव्हा, छान खाली आली होती. मशीनमध्ये रात्र म्हणजे दहा ते सहा, असं आम्ही सगळ्या पेशंटसाठी एकदाच भरून ठेवलं होतं. सरांना विचारायचा धीर होईना. म्हणून चाचांना विचारलं.

"चाचा, रात कू सोते कब?"

"रमजान में?" चाचा हसले. "मैं रात कू सोगया तो आधा मलकपेठ ईद की नमाज कू लुंगी पे जाता, बेटी. फजर पढ के सोता मैं."

म्हणजे ते रात्रभर कपडे शिवत होते आणि पहाटेच्या नमाजानंतर झोपत होते. नवी गोळी घेतली असती, तर झोपेत आपोआप उतरणारं बीपी आणखी खाली गेलं असतं. तेही रोज्यात, पाण्याच्या घोटाशिवाय.

सरांनी पेन खाली ठेवलं. "पहले बोलना था ना."

"आप पूछे कब?" चाचा म्हणाले.

आदल्याच संध्याकाळी सरांनी आम्हा सगळ्यांसाठी रमजानातला खास हलीम खायला मागवला होता. रमजान चालू आहे हे लॅबमध्ये प्रत्येकाला ठाऊक होतं, पण हलीमपुरतंच.

ईदनंतर चाचा पुन्हा पट्टा बांधून घरी गेले. या वेळी ते रात्री झोपले आणि बीपी व्यवस्थित उतरलं. होमोसिस्टीन मात्र तेवढंच जास्त निघालं. सरांनी त्यासाठी फोलिक अ‍ॅसिड दिलं, बीपीची जुनीच गोळी चालू ठेवली आणि कॉन्फरन्सच्या स्लाइडवरून ही केस काढून टाकली.

तेव्हापासून पट्टा बांधण्याआधी मी पेशंटला विचारते, तुमची रात्र कधी असते? बहुतेक जण हसतात. आमच्या हॉस्पिटलचा वॉचमन हसला नाही. त्यानं सकाळचे आठ सांगितले.