फुगीर लिफाफा
ओल्या डिंकाचा वास आला की मला माझ्याच लग्नाच्या पत्रिका आठवतात. द्वारका चौकाजवळच्या आमच्या दोन खोल्यांत लिफाफ्यांचे ढीग पडले होते. पोस्टात एका पत्रिकेचं वजन करून मी मोजून तिकिटं आणली होती. "आत अक्षतासुद्धा टाकायच्या नाहीत," मी आईला बजावलं, "वजन वाढलं तर घेणाऱ्याला दुप्पट भुर्दंड." देवळ्याच्या मामाला खरं तर घरी जाऊन आमंत्रण द्यायचं, पण शेताच्या वाटणीवरून बहीणभावाचा पाच वर्षं अबोला होता. त्याची पत्रिका आईने स्वतःच चिकटवली. हातात घेतली तर चांगली फुगीर! "काय घातलंस यात? तो कशाला पैसे भरतोय? परत येईल पत्रिका." "येऊ दे," आई म्हणाली, "निदान त्याच्या मनातलं कळेल तरी." मग रोज पोस्टमनच्या वेळेला ती दारात जाऊन उभी राहायची. पत्रिका परत आली नाही, उत्तरही नाही. लग्नाच्या सकाळी मांडवाच्या दारात मामा उभा. "ताई, लय महागात पडली तुझी पत्रिका," म्हणत त्याने बाही वर सारली. मनगटावर पाच राख्या होत्या, आईने दर वर्षी घेतलेल्या आणि कधीच न पाठवलेल्या. मला बोहल्यावर त्यानेच नेलं. पोस्टाचे दर मी आजही विचारून घेते. फक्त माझ्या भावाला राखी पाठवताना एक तिकीट मुद्दाम कमी लावते.