स्टेडियमच्या छताची हमी
ओल्या लोकरीच्या कोटांचा वास आला की न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चचा तो हॉल आठवतो. भूकंपाला दोन वर्षं झाली होती आणि बेसबॉलच्या नव्या स्टेडियमचे पहिले नकाशे मी लोकांना दाखवत होते. आमच्या घरातली पहिली पदवीधर, इंजिनिअर. “एवढ्या मोठ्या छताखाली तू बसशील का गं?” एका आजींनी विचारलं. “बिनधास्त!” मी म्हणाले, आणि जमीन हादरली. सगळे टेबलांखाली शिरले. मी कोयनेकडची, धक्का बसला की बाहेर पळायच्या लहानपणच्या सवयीने दाराकडे पळाले. हादरा थांबला तरी पुढच्या धक्क्याच्या धास्तीने कुणी टेबलाखालून बाहेर येईना; दारात मी एकटीच. आता माझ्या छतावर कोण विश्वास ठेवणार? “पळू नये गं, इकडे ये,” टेबलाखालून आजी म्हणाल्या. मी त्यांच्याशेजारी शिरले. “खूप घाबरले,” खरं तेच सांगितलं. “बरं झालं. आता नीट बांधशील.” आजही नकाशावर सही करताना हात थांबतो, आणि मी तो थांबू देते.