चढणीचे मासे

लेकीचं मूल दोनदा पोटातच गेलं होतं. तिसऱ्या खेपेला सातव्याच महिन्यात तिला परभणीच्या दवाखान्यात ठेवलं, तेव्हा माझी श्रद्धा पार आटली होती. तरी महादेवाला नवस बोलले, बाळ सुखरूप हाती येईपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही. बाजारात करावी तशी देवाशी घासाघीस, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी जावयांचा फोन आला की कळा सुरू झाल्या. सोनपेठहून एस.टी. धरली, पण वाटेतल्या ओढ्याच्या फरशी पुलावरून पाणी वाहत होतं. ड्रायव्हरने गाडी थांबवली. मी काठावर उभी राहून रडत होते.

तिथे मासे चढत होते. अंडी घालायला वरच्या उथळ पाण्याकडे निघालेले, फुगलेल्या पोटांचे. पुलाच्या कडेवरून पाणी कोसळत होतं, त्यात ते उडी घेत, सिमेंटवर आपटत, खाली पडत आणि पुन्हा उसळत. खाली माणसं मासे पकडायला पाट्या नि जुनी लुगडी धरून उभी होती. मला देवाचा भयंकर राग आला. लेकरांसाठी निघालेल्या जिवाच्या वाटेत त्याने हे काय काय मांडून ठेवलंय, असं मनात आलं. तेवढ्यात डोळ्यांपुढे अंधारी आली.

शुद्धीवर आले तेव्हा माझं डोकं एका अनोळखी बाईच्या मांडीवर होतं. तिच्या ओल्या लुगड्याला माशांचा वास येत होता. तिने पाणी पुढे केलं. मी नवसाचं सांगितलं, तशी ती चिडलीच.

"लेक बाळंत व्हायलीय अन् तुमी हितं पडलाव! तिला धरायचं कुणी, महादेवानं? प्या गुमान."

मी प्याले. तिने दिलेली भाकरीही रडत रडत खाल्ली. मग ती उठली, पाटीतला एक जड मासा उचलून तिने पुलाच्या वरच्या अंगाला सोडला.

"गाभोळीनं भरल्याली हाय, अंडी हायती पोटात. जाऊ द्या बिचारीला," एवढंच म्हणाली.

पाणी उतरल्यावर मी परभणीला पोचले. बाळ गेलं होतं. नवस मोडला म्हणूनच गेलं, हा विचार काळजात सुरीसारखा फिरला. मग जावई म्हणाले, ते सकाळीच गेलं, फोन केला त्याच्या थोड्याच वेळात. म्हणजे मी काठावर उपाशी उभी होते, तेव्हाच सगळं संपलं होतं. लेकीला रक्तस्राव होत होता, ती भीतीने थरथरत होती. मी तिला पोटाशी धरून बसले. तेवढं बळ माझ्या हातांत होतं. लेक वाचली.

त्या बाईचं नावही मी विचारलं नाही. मागितलं ते देवाने दिलं नाही, पण मला लेकीपाशी धडधाकट पोचवलं. त्याचे उपकार मी मानते, अजूनही कधी कधी रडत मानते.

लेकीला परत दिवस गेले आहेत. भीती तर वाटतेच. पण या खेपेला मी नवस बोलले नाही. देवापुढे दिवा लावते, हात जोडते आणि दोन्ही वेळा पोटभर जेवते.