यमुनाबाईचो बावटो

यमुनाबाईला कुणी तापट म्हटलं की मलाच राग येतो. जन्मभर डोक्यावर माशांची पाटी घेऊन चढण चढलेल्या बाईने काय गोड गोड बोलावं?

आमच्या किनाऱ्यावर, मिठबावच्या वाटेला, सांव पेद्रूचा खुरीस, म्हणजे क्रूस, आहे. तो स्वतः मासे मारणारा संत, म्हणून किरिस्तांवांइतकाच आम्हा हिंदू गाबितांचाही. मे संपताना होड्या वर ओढल्या की त्यांचे बावटे उतरवून त्याच्या फेस्ताच्या, म्हणजे सणाच्या, दिवशी खुरसापासून उंडीच्या झाडापर्यंत एकाच दोरीवर लावतात. बावटा म्हणजे होडीची ओळख. लांबून कापड दिसलं की बायका सांगतात, कुणाचा घो परत आला. पाद्री बावट्यांवर आशीर्वादाचं पाणी शिंपडतात आणि नारळी पौर्णिमेनंतर ते पुन्हा दर्यात जातात.

यमुनाबाईचा बावटा नारिंगी. तिच्या नवऱ्याने, गुरुदासने, तिच्याच लुगड्याचा फाडलेला. गुरुदास पुढे तापाने गेला, पण दर्याने त्याला कधी नेलं नाही, याचं श्रेय ती त्या पाण्याला देते. आता होडीवर तिचा मुलगा दत्तप्रसाद जातो.

यंदा फेस्ताच्या कमिटीचा सेक्रेटरी झाला मेल्विन. वर्षभर वसईला असतो, सुट्टीत गावचा होतो. फेस्ताच्या सकाळी त्याने त्याच नारिंगी कापडाचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला: ‘खुरसावर भगवा झेंडा! कुणाचं हे काम?’

झालं! दुपारपर्यंत फोटो देवगड करून कसालला पोचला. आमच्यातले शाबासकी देतायत, त्यांच्यातले पोलिसांत जा म्हणतायत. दोघेही सारखेच आंधळे. एकानेही ती होडी पाहिलेली नाही. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली.

संध्याकाळी मेल्विन खुरसाजवळ बसलेल्या यमुनाबाईकडे आला. “आजी, वाद नको. तुमचा झेंडा काढून घ्या.”

“माझो खंयचो झेंडो?”

त्याने बोट दाखवलं.

“मेल्या, ह्यो झेंडो? ह्यो बावटो! ह्येच्यावर पाणी पडल्याशिवाय माझो झील दर्यात जावचो नाय.”

“एक वर्ष नाही पडलं तर काय बिघडतं?”

यमुनाबाई उठली तसे आम्ही चार पावलं मागे सरलो. ती उंडीच्या झाडाकडे गेली आणि दोरीची गाठ सोडली. दोरी द्यायची पाळी यंदा तिचीच होती; ही दोरी तिच्या होडीच्या नांगराची. सगळे बावटे वाळूत आले. तिने एकेक सोडून बाजूला ठेवला, आपला नारिंगी खांद्यावर टाकला आणि दोरी कोपरावर गुंडाळायला लागली.

“दोरी कुठे नेता?”

“माझ्या नांगराची आसा. बावटो नको, तर दोरी कित्याक?”

तेवढ्यात पाणी शिंपडायला येणाऱ्या पाद्रींची गाडी आली. कमिटीतला सगळ्यात म्हातारा बस्त्याव मेल्विनवर ओरडला, “माझो बावटो वाळूत पडलो रे!” मला बरं वाटलं. निदान त्याच्या तोंडातून तरी खरा शब्द निघाला.

मेल्विनचा चेहरा उतरला. “द्या ना आजी दोरी. तुमचाही लावू.”

“माझो काय?”

“तो... तुमचा...”

शब्द त्याला ठाऊक नव्हता असं नाही. त्याचा आजा त्याच शब्दाने होड्या ओळखायचा.

“बावटा,” तो पुटपुटला.

“माका सांगू नको. जंय झेंडो लिवलंस, थंय लिव.”

त्याने मोबाइल काढला. तिला वाचता येत नाही, म्हणून बस्त्यावने त्याच्या हातातून घेऊन मोठ्याने वाचलं: “हा झेंडा नाही. यमुनाबाईच्या होडीचा बावटा आहे.”

तिने दोरीचं टोक आणि खांद्यावरचं नारिंगी कापड मेल्विनच्या हातात कोंबलं.

“धर. पयलो माझो बांध.”