लागली का, असं विचारल्यावर

शी! सकाळी डोळे उघडले की माझ्या तोंडून पहिला शब्द हाच निघतो. रबरी कापड ओलं, चादर ओली, आणि खोलीभर तो उग्र दर्प. खिडक्या उघडा, फिनेल ओता, काही फरक पडत नाही. आमचे हे तोवर भिंतीकडे तोंड करून पँट बदलत असतात. दुकानाची पाटी लावताना शिडीवरून पडले आणि कणा दुखावला. पाय सुधारले, पण लघवीच्या पिशवीची नस बिघडली ती बिघडलीच. पिशवी अर्धी भरते न भरते तोच आवळते, आणि संडास गाठेपर्यंत खेळ खल्लास.

हे न्हावी. हात इतका हलका की गिऱ्हाईक वस्तऱ्याखाली घोरायला लागतं. पण स्वभाव? खुर्चीतला म्हणाला पाऊस पडणार, की हे म्हणणार, पडणारच. पुढचा म्हणाला, छे, कसला पाऊस, की हे, छे हो, कसला पाऊस! मला तिडीक यायची.

"अहो, तुमचं स्वतःचं काही मत आहे की नाही?"

"अगं, वस्तरा गळ्यावर असताना वाद घालू नये. माणूस हलतो."

आता गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावून बसतात. बरीचशी येतच नाहीत. आणि त्यांना तरी काय बोलणार? मलाच ओकारी येते.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. पिशवीत इंजेक्शन देता येतं, पण ते सगळ्यांनाच लागू पडत नाही. आधी बारीक नळीतून पाणी सोडायचं, मशीनवर दाब मोजायचा, आणि लघवी कधी लागली ते ह्यांनी सांगायचं. त्यावरून अंदाज बांधता येतो. लागू पडणार नसेल, तर कायमची नळी आणि मांडीला बांधलेली प्लास्टिकची पिशवी. ती पिशवी बांधून हे गिऱ्हाइकाच्या डोक्याशी उभे राहणार? दुकानाला टाळंच लागलं म्हणायचं. ह्यांचा चेहरा पार उतरला.

तपासणीची खोली बघूनच मला शिसारी आली. फरशीच्या सांध्यात पिवळट डाग, कोपऱ्यात वापरलेल्या हातमोज्यांची बादली. मशीनवरची मुलगी महाबडबडी.

"काका, अजून नाही ना लागली?"

"नाही, नाही."

"मस्त! अजून थोडं सोडू?"

"सोडा की."

पडद्यावरची रेघ वर चढत होती. ह्यांच्या कपाळावर घाम, मुठी आवळलेल्या, आणि तोंडात आपलं "बरोबर, बरोबर". शेवटी सगळं टेबलावरून खाली आलं, थेट माझ्या चपलेवर. शी! मी उडी मारून मागे सरले.

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला. "ह्यांना लागल्याची जाणीवच नाही असं दिसतंय. इंजेक्शनचा फायदा होईल असं वाटत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जाणीव नाही? घामाने भिजले होते हे! जन्मभर गिऱ्हाइकाच्या हो ला हो म्हणणारा माणूस आहे हा. तुमची मुलगी विचारते 'नाही ना लागली', म्हणून हे म्हणतात नाही. ही काय विचारायची रीत झाली?"

बाईंनी त्या मुलीकडे एकदा पाहिलं. "पुन्हा करू. काका, आता खरं काय ते सांगायचं. मला खूश करायला काही बोलू नका."

पुन्हा नळी, पुन्हा पाणी. रेघ चढायला लागली. बाईंनी विचारलं, "लागली का?"

ह्यांची नजर माझ्याकडे. मी नाकाला रुमाल दाबून, चपला सांभाळत लांब उभी.

"अहो, बोला ना! तोंड शिवलंय का?"

"तू बाहेर जा," हे म्हणाले.

"मी? मी काय केलं?"

"तुझं तोंड बघितलं की मी रोखून धरतो. तुला किळस येते ना." आवाजात राग नव्हता. दाढीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

मी बाहेर आले, दार लागलं. थोड्या वेळाने आतून ह्यांचा आवाज आला, केवढा मोठा! "लागली! बस, बस, खूप लागली!" बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

मग ती मुलगी बाहेर आली. "आता नीट आलं, काकू. इंजेक्शन लागू पडेल, असं बाई म्हणतात."

"देवच पावला," म्हणत मी टॉवेल आणि कोरडी पँट उचलून आत निघाले. तिने दोन्ही माझ्या हातातून काढून घेतली.

"काका म्हणाले, तुम्हाला आत पाठवू नका."