दसऱ्याचे ठिपके

"हे कुणी लावलं? कुणी लावलं हे?"

आमचे हे असे ओरडले, की कॉव्हेंट्रीतली कबुतरं उडाली ती थेट बर्मिंगहॅमला जाऊन बसली. एका हातात भिंतीवरून उतरवलेलं चित्र, दुसऱ्या हातात ओलं फडकं, आणि फडक्यावर लाल. हॉस्पिटलात रक्ताचे पाट वाहिले तरी सँडविच खाणारा हा माणूस, पण त्या फडक्याकडे बघून पांढराफटक पडला.

"मी लावलं," सासूबाई किचनमधून म्हणाल्या. "दर दसऱ्याला लावते. ओरडायला काय झालं?"

चित्र ऑस्ट्रेलियातलं. इंग्लंडला यायच्या आधी हे वर्षभर तिथल्या वाळवंटातल्या एका दवाखान्यात होते. तिथे त्यांनी एका आदिवासी म्हाताऱ्याला न्यूमोनियातून वाचवलं. (पार्ट्यांमध्ये मी हे सांगते तेव्हा म्हातारा दोनदा मरून परत येतो.) जरा बरा झाल्यावर त्याने दवाखान्याच्या अंगणात मांडी घालून, हार्डबोर्डच्या फळीवर, ठिपक्याला ठिपका लावत हे रंगवलं आणि ह्यांना दिलं. म्हणाला, यात माझे पूर्वज आहेत, ते चालत गेले तशी जमीन घडत गेली, त्यांची वाट आहे ही. हे वाक्य ह्यांनी सासूबाईंना सांगितलं आणि तिथेच घात झाला.

कुणाचे तरी पूर्वज आपल्या घरात, गॅसच्या शेकोटीच्या वर, बिनपूजेचे टांगलेले! सासूबाईंना ते कसं सोसावं? दसऱ्याला आमच्याकडे गाडीला, झाडायच्या हूवर मशीनला, ह्यांच्या स्टेथोस्कोपला हळदकुंकू लागायचंच, त्यात चित्राची भर पडली. बरं, नुसतं बोट टेकवून थांबतील तर त्या सासूबाई कसल्या! तेलात खललेलं हळदकुंकू, काडीचं टोक, आणि मोकळी जागा दिसेल तिथे टिंब. ठिपक्यांच्या रांगोळीत त्यांचा हात धरणारं पुण्याच्या निम्म्या पेठांत कुणी नव्हतं. रंगही तेच, लाल आणि पिवळा. मी दर आठवड्याला ते चित्र झटकायची. मला आपलं वाटायचं, चित्र दिवसेंदिवस खुलतंय.

आणि आज त्या म्हाताऱ्याची नात यायची होती. ब्रिस्टलला तिच्याकडच्या चित्रकारांचं प्रदर्शन लागलं होतं, त्यांच्याबरोबर ती आली होती. ह्या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात विचारत तिने आमचा पत्ता काढला होता. म्हणून तर आमचे हे ते चित्र पुसायला निघाले होते.

तेवढ्यात बेल वाजली.

पोरगी तिशीची, शांत. आजोबांचं नाव तिने घेतलं नाही. गेलेल्या माणसाचं नाव त्यांच्यात घेत नाहीत म्हणे. तिच्या वडिलांना लहानपणीच सरकारने, तेव्हा आदिवासी मुलांना न्यायचे तसं, घरातून उचलून लांबच्या पाद्र्यांच्या मिशनमध्ये ठेवलं होतं, त्यामुळे घरची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. आत्याला अर्धी ठाऊक होती. दोन बहिणी पाणी शोधत निघाल्या, तिसऱ्या झऱ्यापर्यंत आल्या. पुढची वाट फक्त या फळीवर होती.

"आत्या म्हणाली, नीट बघून ये," ती म्हणाली. "मी तिला सांगेन, मग ती मला रीतीप्रमाणे पुरी गोष्ट देईल, आणि मी माझ्या मुलीला."

चित्र टेबलावर आडवं ठेवलं. वर्तुळ म्हणजे झरा. तिचं बोट पहिल्या वर्तुळावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर सरसर गेलं. मग थांबलं. तिथून ठिपक्यांच्या ओळी चहूकडे फुटल्या होत्या. ह्यांनी खाली मान घालून तिला हळदकुंकवाचं सांगून टाकलं.

"यातली आजोबांची कुठली?"

मी ते सासूबाईंना मराठीत विचारलं. सासूबाई चष्मा पुसून वाकल्या.

"हा माझा. हा पण. हा... नाही गं, हा त्यांचा असेल. अगं, शोभेल तिथेच लावलाय ना मी!"

"थोडं स्पिरिट लावून बघू?" ह्यांनी विचारलं.

"त्याने दोघांचंही जाईल," ती म्हणाली आणि फळीवर तळहात ठेवला.

"अहो, त्या म्हाताऱ्याने तुम्हाला काहीतरी सांगितलं असेल ना?" मी ह्यांना म्हटलं. "आठवा की!"

"पुष्कळ सांगायचा," हे खुर्चीत बसले. "रोज. बोटाने दाखवून दाखवून. पण मी त्याची छाती तपासत असायचो गं. कानात स्टेथोस्कोप होता माझ्या."

चहाच्या एका कपावर मी तासभर बोलू शकते. एरवी अशी वाट मी उभ्या उभ्या रचून दिली असती, उंटासकट. पण ती पोरगी आळीपाळीने आमच्या तोंडांकडे बघत होती. मी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

"चित्र घेऊन जा," हे म्हणाले. "तुमचंच आहे."

"नको. आत्या यातले सगळेच ठिपके खरे मानेल."

सासूबाईंनी तिच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला आणि तिचा हात सोडेचनात. "तिला सांग गं, देव म्हणून केलं. त्यांचं करणारं इथे दुसरं कोण होतं?"

मी सांगितलं. तिने मान हलवली. लाडू खाल्ला.

तिला सोडायला मी स्टेशनवर गेले, तिथे ट्रेनची वाट बघताना मला राहवेना. "आत्याला काय सांगशील?"

"सांगेन, चित्र छान जपलंय म्हणून."